निवडणूक हरल्यानंतर

१९१८ च्या जानेवारीत पेट्रोग्राडच्या तावरीद राजवाड्यात रशियाची संविधान सभा भरली. जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे तारीख ५, आपल्या कॅलेंडरप्रमाणे १८. झारच्या तुरुंगांत आणि सैबेरियात आयुष्यं घालवलेल्या क्रांतिकारकांच्या पिढ्यांनी ज्या सभेची वाट पाहिली, ती ही सभा. आदल्या नोव्हेंबरात तिच्यासाठी मतदान झालं होतं. चार कोटींहून अधिक लोकांनी मत दिलं होतं, त्यात बायकाही होत्या. सभेच्या बाजूने रस्त्यावर निघालेल्या मोर्चावर त्या दिवशी गोळीबार झाला आणि माणसं मेली. आत गॅलरीत बसलेले बंदूकधारी खलाशी भाषण करणाऱ्यांवर नेम धरत होते. सत्तेवर असलेल्या लेनिनच्या बोल्शेविक पक्षाचे सदस्य मध्येच उठून गेले. पहाटे चार वाजून गेल्यावर झेलेझ्न्याकोव्ह नावाचा एक खलाशी व्यासपीठावर आला आणि त्याने अध्यक्ष व्हिक्टर चेर्नोव्ह यांना सांगितलं की पहारेकरी दमलेत, आता सभा संपवा. चेर्नोव्ह यांनी घाईघाईने जमिनीचा कायदा संमत करून घेतला. पुढच्या बैठकीसाठी सदस्य परत आले तेव्हा राजवाड्याला कुलूप होतं.

समाजवाद हुकूमशाहीकडे घसरल्याशिवाय राहू शकतो का, या प्रश्नावर बोलताना लोक बहुधा स्टॅलिनपासून सुरुवात करतात. मला ते उशिराचं वाटतं. स्टॅलिन पक्षाचा सरचिटणीस झाला १९२२ मध्ये. तोवर बरंच काही घडून गेलं होतं.

त्या सभागृहात बसलं होतं कोण? सर्वांत मोठा पक्ष समाजवादी क्रांतिकारकांचा, त्यांना सुमारे ४० टक्के मतं. बोल्शेविकांना सुमारे २४ टक्के. मेन्शेविक थोडे होते, तेही मार्क्सवादीच. म्हणजे सभागृहाचं प्रचंड बहुमत समाजवाद्यांचं होतं. पहाटे संमत झालेल्या त्या जमिनीच्या कायद्यात जमिनीवरची खाजगी मालकी रद्द केलेली होती. तेव्हा समाजवाद आणायचा की नाही हा त्या रात्रीचा वाद नव्हताच. निवडणूक हरलेल्या पक्षाने हातातली सत्ता सोडायची की नाही, हा होता. आणि माझ्या मते हा सगळा प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो.

बोल्शेविकांची बाजू पोकळ नव्हती. लेनिनचं म्हणणं असं की उमेदवारांच्या याद्या जुन्या आहेत. समाजवादी क्रांतिकारक पक्ष दरम्यान फुटला, त्यातला डावा गट आमच्याबरोबर आला, पण याद्या फुटीच्या आधीच्या. शिवाय राजधानी पेट्रोग्राड आणि मॉस्को आमच्या बाजूने, पश्चिम आघाडीवरचे सैनिक आमच्या बाजूने. मग खेड्यापाड्यांतल्या शिळ्या मतांना आम्ही का बांधून घ्यावं?

यावर नेमकं उत्तर दिलं ते एका क्रांतिकारक बाईनेच. रोझा लक्झेंबर्ग तेव्हा युद्धाला विरोध केल्याबद्दल जर्मनीत ब्रेस्लाऊच्या तुरुंगात होती. रशियातल्या क्रांतीचं तिने मनापासून स्वागत केलं होतं, त्यामुळे तिची टीका शत्रूची म्हणून बाजूला सारता येत नाही. तिचा मुद्दा साधा होता. याद्या जुन्या झाल्या असतील तर नवी निवडणूक घ्या. सभाच मोडून टाकायची आणि पुन्हा निवडणूकही घ्यायची नाही, याला काय आधार? तिने पुढचंही ओळखलं. वृत्तपत्रं, सभा, मोकळा वादविवाद हे बंद पडलं की सार्वजनिक जीवन मरतं, मग जिवंत राहते ती फक्त नोकरशाही आणि मूठभर पुढारी. हे तिने १९१८ मध्ये लिहिलं. १५ जानेवारी १९१९ ला बर्लिनमध्ये उजव्या गटाच्या सैनिकांनी तिची हत्या केली. तिचं ते लेखन १९२२ मध्ये छापून आलं, तेव्हा त्यातलं बरंचसं खरं ठरलेलं होतं.

यादवी युद्धामुळे बोल्शेविकांचा नाइलाज झाला, असं नेहमी सांगितलं जातं. युद्ध भयानक होतं, परकी फौजाही उतरल्या होत्या, हे खरंच. पण घटनांचा क्रम पाहा. विरोधी वृत्तपत्रं बंद करण्याचा हुकूम निघाला सत्ता हाती आल्यानंतर दोन-तीन दिवसांत. उदारमतवादी कॅडेट पक्ष बेकायदा ठरला आणि चेका हे गुप्त पोलीस खातं उभं राहिलं डिसेंबर १९१७ मध्ये. संविधान सभेला कुलूप लागलं जानेवारीत. यादवी युद्ध खऱ्या अर्थाने पेटलं ते १९१८ च्या उन्हाळ्यात. रीतसर निवडून आलेल्या सभेला कुलूप लावल्यामुळेच अनेक लोक शस्त्रांकडे वळले, हेही विसरता येत नाही.

युद्ध जिंकल्यावर तरी पकड सैल झाली का? मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नाविक तळावर खलाशी उठले. १९१७ मध्ये हेच खलाशी क्रांतीचा अभिमान होते. त्यांची मागणी होती सोव्हिएतांच्या निवडणुका मोकळेपणाने घ्या, कामगारांच्या आणि डाव्या पक्षांच्या वृत्तपत्रांना बोलू द्या. त्याच दिवसांत बोल्शेविक पक्षाचं दहावं अधिवेशन चालू होतं. अधिवेशनातले काही प्रतिनिधी बर्फावरून चालून गेलेल्या फौजेत सामील झाले आणि उठाव चिरडला गेला. याच अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. कामगार संघटनांकडे कारखान्यांचा कारभार द्या म्हणणाऱ्या श्ल्याप्निकोव्ह आणि कोलोंताय यांचा गटही तिच्यात सापडला. आधी उजवे, मग मध्यममार्गी, मग इतर समाजवादी, मग स्वतःच्याच पक्षातले वेगळं बोलणारे, असा हा साडेतीन वर्षांचा प्रवास आहे. स्टॅलिनला तयार यंत्र मिळालं, आणि ते त्याने कुठवर नेलं ते जगाला ठाऊक आहे.

एकदा सत्ता सोडायला नकार दिला की ती सोडणं पुढे अधिकाधिक अवघड का होत जातं? एक कारण उघड आहे. ज्यांना तुरुंगात टाकलं ते परत आले तर आपलं काय, ही भीती दरवर्षी वाढते. दुसरं कारण पोटाशी निगडित आहे. सगळे कारखाने, दुकानं, छापखाने, घरं सरकारची झाली की नोकरी देणारा जगात एकच उरतो. त्या एका मालकाशी भांडणाऱ्याला काम मिळत नाही, भाकरी मिळत नाही, आणि तुरुंगाची गरजही पडत नाही. विशेष म्हणजे हा मुद्दा ट्रॉट्स्कीने हद्दपारीत असताना १९३० च्या दशकात स्वतः मांडला. संविधान सभा मोडण्याचं समर्थन करणाऱ्यांत तो होता, क्रोनश्टाट चिरडणाऱ्यांतही होता. त्याच्या लेखणीतून हे यावं याचं मला दुःख वाटतं, कारण तोवर ते ऐकायला रशियात कोणी मोकळं उरलं नव्हतं.

याच मुद्द्याची दुसरी बाजू आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवली. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं. त्यांनी विचारलं, ज्याला काम नाही, जमीन नाही, त्याच्या मूलभूत हक्कांना किंमत काय? पोटासाठी तो संघटनेत जाण्याचा, बोलण्याचा हक्क मालकाच्या पायाशी ठेवतो. सरकार दूर राहिलं म्हणजे स्वातंत्र्य आलं असं होत नाही, जमीनदाराला आणि कारखानदाराला मोकळं रान मिळतं. ट्रॉट्स्कीचा मुद्दा आणि हा मुद्दा शेजारी ठेवून वाचावेत असं मला फार वाटतं. भाकरी एका सरकारच्या हातात असो की गावातल्या एका जमीनदाराच्या, बोलणाऱ्याची जीभ दोन्हीकडे सारखीच आवळली जाते. म्हणून समाजवादाची निकड खरी आहे, आणि त्याचं भयही खरं आहे.

आंबेडकरांचा त्या वेळचा तोडगा धाडसी होता. मूलभूत उद्योग आणि विमा सरकारकडे, शेतजमीन सरकारी मालकीची आणि ती सामुदायिक पद्धतीने कसायची. पण हुकूमशहा नको, संसद हवी. संसदेचं बहुमत दर पाच वर्षांनी बदलणार, मग ही व्यवस्था टिकणार कशी? तर ती राज्यघटनेतच लिहून टाका, म्हणजे कुठलंही येतं-जातं बहुमत ती मोडू शकणार नाही. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९४८ ला, संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी भारताला घटनेतच समाजवादी म्हणावं अशी दुरुस्ती सुचवली. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची रचना कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवायचं, आज घटनेत ते बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच मोडणं, असं त्यांचं म्हणणं. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समाजवादी आशय आहेच, हेही त्यांनी दाखवून दिलं. या दोन भूमिकांत मला १९४८ ची अधिक पटते. जी व्यवस्था लोकांना मतपेटीतून बदलता येत नाही तिच्या रक्षणासाठी शेवटी पोलीसच लागतात.

आता ब्रिटन. ४ जून १९४५ ला चर्चिल यांनी रेडिओवरून सांगितलं की समाजवादी सरकार आलं तर त्याला नाझींच्या गेस्टापो या गुप्त पोलिसांसारखं काहीतरी ठेवावंच लागेल. फ्रीडरिक हायेकचं ‘द रोड टू सर्फडम’ आदल्याच वर्षी आलं होतं, त्याचा युक्तिवाद याहून पुष्कळ गंभीर होता. सगळ्या देशाचं आर्थिक नियोजन एका केंद्रातून करायचं तर कुणाला काय मिळावं हे त्या केंद्राला ठरवावं लागतं, त्यावर सगळ्यांचं एकमत कधीच होत नाही, मग जबरदस्ती येते. मजूर पक्षाने निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकली. क्लेमंट ॲटली यांच्या सरकारने बँक ऑफ इंग्लंड, कोळसा, रेल्वे, वीज, गॅस आणि शेवटी पोलाद सरकारी मालकीचं केलं, ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. गेस्टापो आला नाही. १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला विरोधकांपेक्षा दोन लाखांहून जास्त मतं पडली, तरी जागा कमी पडल्या. आमच्यामागे लोक जास्त आहेत, असं म्हणायला लेनिनपेक्षा ॲटलींकडे कितीतरी भक्कम आधार होता. त्यांनी राजीनामा दिला. चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. नव्या सरकारने पोलाद परत खाजगी हातात दिलं, आरोग्य सेवा मात्र तशीच ठेवली, कारण लोकांना ती हवी होती.

हायेकला यातून पूर्ण उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. सरकारकडे आलेला हिस्सा अर्थव्यवस्थेच्या साधारण एक पंचमांश. बाकीचे कारखाने, वृत्तपत्रं, दुकानं बाहेरच होती, सरकारवर चिडलेल्या माणसाला दुसरीकडे नोकरी मिळत होती. खरी परीक्षा त्यापुढे जायचं ठरवलं तर होणार. ती स्वीडनमध्ये झाली, आणि तिच्याकडे आपल्या पुस्तकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही.

रुडॉल्फ माइडनर याचा जन्म १९१४ चा, ब्रेस्लाऊचा. पुढे चार वर्षांनी रोझा लक्झेंबर्ग ज्या शहरातल्या तुरुंगात बसून लिहीत होती तेच हे शहर. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर हा ज्यू तरुण स्वीडनला पळाला आणि तिथल्या कामगार महासंघाचा अर्थतज्ज्ञ झाला. स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष १९३२ पासून जवळपास सलग सत्तेत होता. महासंघाचं धोरण असं की समान कामाला सगळीकडे समान वेतन, कंपनी श्रीमंत असो की गरीब. त्यातून एक विचित्र गोष्ट घडली. भरभराटीच्या कंपन्यांतले कामगार आणखी पगार मागत नव्हते, त्यामुळे त्या कंपन्यांकडे जादा नफा साठत गेला आणि तो मालकांच्या खिशात जाऊ लागला. कामगारांचा संयम मालकांना श्रीमंत करतोय, हे धातू कामगारांना सहन होईना.

माइडनरने १९७५ मध्ये उपाय मांडला. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याचा पाचवा हिस्सा नव्या शेअरच्या रूपाने कामगारांच्या निधीकडे द्यायचा. पैसा कंपनीतच राहील, कोणाची जप्ती नाही, कोणाचं काही हिसकावणं नाही. फक्त मालकी हळूहळू सरकेल, आणि काही दशकांत मोठ्या उद्योगांची बहुसंख्य मालकी कामगारांच्या निधींकडे येईल. बंदूक न उचलता भांडवलशाहीच्या पलीकडे जाण्याची इतकी नेमकी आखणी मी दुसरी वाचलेली नाही. जून १९७६ मध्ये महासंघाच्या अधिवेशनाने ती उत्साहाने मंजूर केली.

सप्टेंबर १९७६ मध्ये सोशल डेमोक्रॅट निवडणूक हरले. अणुवीज हेही पराभवाचं कारण होतं, पण निधींची भीती विरोधकांनी चांगलीच वापरली. ओलोफ पाल्मे यांनी ४४ वर्षांची सत्ता सोडून थोर्बियोर्न फेल्डिन यांच्या हाती दिली. १९८२ मध्ये ते परत आले. ४ ऑक्टोबर १९८३ ला उद्योगपती, छोटे दुकानदार, कंपन्यांचे कर्मचारी असे हजारो लोक निधींच्या विरोधात स्टॉकहोमच्या रस्त्यावर उतरले. स्वीडनने असा मोर्चा फारसा पाहिला नव्हता. डिसेंबरात जो कायदा झाला त्यात मूळ योजनेचा सांगाडाच उरला होता. पाच प्रादेशिक निधी, त्यांच्या हिश्शावर मर्यादा, पैसे भरण्याची मुदत १९९० पर्यंतच. १९९१ मध्ये कार्ल बिल्ट यांचं सरकार आलं आणि त्याने निधी गुंडाळून टाकले.

माइडनरला हा पराभव शेवटपर्यंत सलत राहिला. मला त्याच्याबद्दल आदर आहे आणि त्याची योजना फसल्याची हळहळही आहे. पण मोर्चातल्या एका प्रश्नात तथ्य होतं. मालक बदलून सगळ्या कंपन्यांचे मालक जर एकाच महासंघाचे निधी होणार असतील, तर त्या महासंघाशी भांडणाऱ्या कामगाराने जायचं कुठे? माइडनरकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. मालकी पुष्कळ हातांत वाटायची, सहकारी संस्था, नगरपालिका, स्वतंत्र निधी, कामगार असे एकमेकांना न जुमानणारे मालक उभे करायचे, हे त्या आखणीत आलं असतं तर कदाचित लोकांची भीती कमी झाली असती. तरीही स्वीडनचा अनुभव मी समाजवाद्यांच्या बाजूने मोजतो. दोनदा हरून दोनदा ते मुकाट्याने विरोधी बाकांवर गेले.

इथे चिलीचं नाव घ्यायलाच हवं. साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून, संसदेच्या मान्यतेने राष्ट्राध्यक्ष झाले. ११ जुलै १९७१ ला तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण संसदेने एकमताने केलं. विरोधी वृत्तपत्रं चालू होती, विरोधी पक्ष चालू होते. अमेरिकेने कर्ज आखडलं, सीआयएने विरोधकांना पैसा पुरवला. आयेंदे यांच्या चुकाही होत्या. एक तृतीयांश मतांवर समाज मुळापासून बदलायला निघणं, महागाई हाताबाहेर जाऊ देणं, या त्यांच्याच चुका. पण मार्च १९७३ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ४० टक्क्यांहून अधिक मतं मिळाली होती, आणि पुढची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक १९७६ मध्ये येणारच होती. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने बॉम्बफेक करून तो प्रयोग संपवला. त्यातून आलेली जनरल पिनोशेची हुकूमशाही १९९० पर्यंत चालली, तिच्यात तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. समाजवाद हुकूमशाहीत घसरतो असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजलं पाहिजे, की इथे समाजवादी सरकार नियम पाळत होतं आणि नियम मोडणारे त्याचे विरोधक होते.

शिवाय एकदा सत्ता सोडली म्हणजे कायमची खात्री झाली असंही नाही. निकाराग्वाच्या सँडिनिस्टांनी १९९० मध्ये निवडणूक हरून व्हिओलेता चामोरो यांच्याकडे सत्ता दिली, क्रांतीतून आलेल्या पक्षासाठी ही मोठी गोष्ट होती. त्यांचेच नेते डॅनिएल ओर्तेगा यांनी २००७ मध्ये परत आल्यावर मुदतीच्या मर्यादा काढून टाकल्या, न्यायालयं ताब्यात घेतली आणि २०२१ च्या निवडणुकीआधी विरोधी उमेदवारांना तुरुंगात टाकलं. आपल्याकडे केरळमध्ये कम्युनिस्ट १९५७ पासून निवडून येतात आणि हरतात. त्यांचं पहिलं सरकार ३१ जुलै १९५९ ला केंद्राने बरखास्त केलं, तरी त्यांनी निवडणुकीचा रस्ता सोडला नाही. पश्चिम बंगालमध्ये ३४ वर्षं राज्य केल्यावर २०११ मध्ये डावी आघाडी हरली आणि पायउतार झाली. पक्ष त्याच विचारांचे, पण कडेने न्यायालय, निवडणूक आयोग, दुसऱ्यांची वृत्तपत्रं आणि दुसऱ्यांच्या संघटना उभ्या असल्या की वागणं वेगळं होतं.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध नाशिक रोडच्या तुरुंगातून येतो. सविनय कायदेभंगाच्या काळात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी मंडळी तिथे एकत्र आली आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांत आकाराला आली. पक्ष १९३४ मध्ये स्थापन झाला. सुरुवातीला सोव्हिएत रशियाचं आकर्षण यांनाही होतं. १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत जुन्या बोल्शेविकांवर चालवलेल्या खटल्यांनी ते उतरवलं. मसानी १९३९ मध्ये पक्ष सोडून गेले. राहिलेल्यांनी समाजवाद सोडला नाही, लोकशाही ही त्याची अट आहे असं मात्र ठरवलं.

त्या अटीची कसोटी १९७५ मध्ये लागली. २५ जूनला आणीबाणी आली. जयप्रकाश, मधू लिमये, मृणाल गोरे, जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात गेले, आणि त्याच काळात ४२व्या दुरुस्तीने घटनेच्या सरनाम्यात समाजवादी हा शब्द घातला गेला. त्याच दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. त्याआधी, मार्च १९७६ मध्ये, लोकसभेची मूळ मुदत संपत होती आणि सरकारने ती वर्षभर वाढवून घेतली होती. लिमये तेव्हा मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडलं, त्यापुढे खासदार राहण्याचा आपल्याला हक्क नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी राजीनामा पाठवला. शरद यादव यांनीही दिला. सुटका होणार नव्हती, पगार आणि सोयी गेल्या, विरोधकांची दोन मतं कमी झाली. तरी तो द्यायलाच हवा होता असं मला वाटतं.

१९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निवडणूक घेतली, त्या हरल्या आणि पायउतार झाल्या. समाजवादी ज्यात मोठ्या संख्येने होते त्या जनता सरकारने १९७८ मध्ये ४४वी घटनादुरुस्ती आणली. सरनाम्यातला शब्द तिने राहू दिला, आणि लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची केली.